दोघांच्या बोटीवर हलकं स्पिनेकर: दोर कुठून न्यायचे आणि शीड उतरवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २७ फुटी जुनी क्रूझिंग बोट, पुढे फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रावर) गुंडाळलेला जेनोवा, म्हणजे पुढचं शीड, आणि आता हाती आलेलं एक वापरलेलं असिमेट्रिक स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यात फुगणारं पातळ कापडाचं शीड, त्याच्या सॉकसकट (ते बंद ठेवणाऱ्या लांब कापडी पिशवीसकट). बोटीवर बहुतेक वेळा नवरा-बायको दोघंच. गेटवेहून मांडव्याकडे जाताना वारा मागून येतो, बोट तीन नॉटवर (ताशी तीन सागरी मैलांवर) रेंगाळते, म्हणून हे शीड लावायचंय. दोर कुठून कुठे न्यायचे, पुढे बोस्प्रिट, म्हणजे बोटीच्या टोकाबाहेर निघणारा दांडा, बसवावा लागेल का, आणि किती वाऱ्यापर्यंत ते वर ठेवायचं?

मी बावीस वर्षं मुंबईत बोटींच्या रिगिंगची कामं करतोय आणि स्वतःच्या छोट्या बोटीवर असंच एक शीड वापरतो. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या पोटात एक चौथा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवायला हवा. दुपारी खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा, चढलाय, एकजण टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) अडकलाय. अशा वेळी दुसरा माणूस एकट्याने हे शीड खाली आणू शकेल का? चढवायची घाई कधीच नसते. नाही जमलं तर त्या दिवशी नाही चढवलं. उतरवायची वेळ मात्र वारा ठरवतो. म्हणून कुठलाही दोर कुठून न्यायचा हे ठरवताना मी उतरवण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणतो. पुढचं सगळं त्या हिशेबाने सांगतोय.

काही गोष्टी तुमच्या बोटीवर अवलंबून आहेत. फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) डोलकाठीच्या टोकापर्यंत जातो की थोडा खाली संपतो, टोकाला स्पिनेकरच्या हॅलियार्डसाठी (शीड वर चढवणाऱ्या दोरासाठी) वेगळा ब्लॉक, म्हणजे कप्पी, आहे का, कॉकपिटमध्ये (मागे सुकाणूपाशी बसायच्या जागेत) रिकामी विंच, म्हणजे दोर ओढायचा फिरता ढोल, आहे का, यावर तपशील बदलतील. शीड दुसऱ्या बोटीसाठी शिवलेलं असेल तर तुमच्या उंचीला ते बसतं का, हेही आधी पाहायला हवं.

तेव्हा शीड बोटीवर नेण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर न्या. वारा पडलेली सकाळ निवडा, सातच्या आत. गच्ची खरखरीत असते, पाण्याच्या टाकीपाशी एखादी सळई बाहेर आलेली असते, म्हणून आधी झाडून घ्या आणि जुन्या चादरी अंथरा. हे कापड बहुधा पाऊण औंसाचं नायलॉन असेल, हातात पतंगाच्या कागदासारखं लागतं. चांगलं असेल तर चुरगळताना कुरकुरतं. उन्हाने खाल्लेलं कापड मऊ, मेल्यासारखं वाटतं, आणि कडेजवळ दोन्ही अंगठ्यांनी ताणलं की टरकन फाटतं. तसं फाटलं तर पुढचं वाचायची गरज नाही, त्या कापडावर खर्च करू नका.

कापड बरं निघालं तर तीन कोपरे ओळखा. असिमेट्रिकमध्ये पुढची कड, म्हणजे लफ, मागच्या कडेपेक्षा लांब असते. वरचा कोपरा हेड, लांब कडेच्या खालचा टॅक, उरलेला क्लू. तिन्हींवर मार्करने मोठ्या अक्षरांत नावं लिहा. मग हेडपासून लफची पट्टी हातातून सरकवत टॅकपर्यंत या. पट्टीला कुठेही पीळ नको, कारण इथे राहिलेला एक पीळ समुद्रात वाळूच्या घड्याळासारखा आकार करतो. शीड मधोमध आवळलं जातं आणि सॉकसुद्धा खाली येत नाही. सॉक वरखाली करणारा दोर स्वतःच्या वेगळ्या नळीतून जातो ना, तेही बघा. तो शिडाबरोबर मोकळाच असेल तर नळी शिवून घ्या, नाहीतर दोर शिडाभोवती गुंडाळेल.

लफची लांबी टेपने मोजा. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंतचं (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचं) अंतर बोटीवर हॅलियार्डला टेप बांधून मोजता येतं. सॉकचा वरचा भाग आणि स्विव्हल (फिरती कडी) मिळून एखादा फूट खातात, तोही धरा. शीड पूर्ण वर गेल्यावर टॅक पुलपिटच्या (नाळेवरच्या कठड्याच्या) वर राहायला हवा. खाली घासत असेल तर शीड तुमच्या बोटीला मोठं आहे.

आता हॅलियार्ड. तो फोरस्टेच्या वरून निघून फोरस्टेच्या पुढून खाली आला पाहिजे. जेनोव्याचा हॅलियार्ड वापरायचा मोह होतो, कारण फर्लर असलेल्या बोटीवर कधीकधी एक जादा जेनोवा हॅलियार्ड रिकामा असतो. तो फोरस्टेच्या खालून निघतो. स्पिनेकर एका बाजूला झुकलं की दोर फोरस्टेवर घासतो, फर्लरच्या वरच्या स्विव्हलभोवती वेढे घेतो, आणि मग ना स्पिनेकर खाली येतं ना जेनोवा उघडतो. डोलकाठीच्या टोकाला सगळ्या बाजूंनी फिरणारा वेगळा ब्लॉकच हवा. दोर आठ किंवा दहा मिलिमीटरचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर. मासेमारीसाठी विकतात तो निळा-हिरवा पॉलीप्रॉपिलीन दोर स्वस्त असतो, पण विंचवर घासून वितळतो आणि उन्हात कुजतो. या कामाला तो घेऊ नका.

हॅलियार्डचं खालचं टोक मी कॉकपिटपर्यंत आणत नाही, डोलकाठीपाशीच ठेवतो. यावर मतभेद आहेत. माझं कारण असं की सॉक हाताळणारा माणूस तिथेच उभा असतो, तर हॅलियार्डही त्याच्याच हाताशी असावा. टिलरवरच्या माणसाकडे शीट (क्लूचा दोर) आणि टॅकचा दोर हे दोनच दोर राहतात, आणि दोन दोर एका माणसाला झेपतात.

टॅकसाठी बोस्प्रिट लागत नाही. निदान पहिल्या हंगामात तरी नाही. बोस्प्रिटमुळे शीड फोरस्टेपासून लांब राहतं, मोकळा वारा मिळतो, जाइब (मागचा वारा दुसऱ्या बाजूला घेत वळणं) सोपा होतो, हे खरं. पण त्यासाठी नाळेवर ताण वाढतो, खाली आधाराचा स्टे (तार) लागतो, आणि पुढे काढलेला दांडा धक्क्याला लागताना पहिला आपटतो. तुमच्या अँकरच्या रोलरपाशी, फर्लरच्या ड्रमच्या पुढे, एक भक्कम ब्लॉक बसवा. अँकर काढून लॉकरमध्ये ठेवा, त्याचं टोक हे कापड एका झटक्यात चिरतं. टॅकचा दोर त्या ब्लॉकमधून येऊन पुलपिट आणि रेलिंगच्या बाहेरून मागे कॉकपिटपर्यंत आला पाहिजे. साडेबारा-तेरा मीटर दोर पुरतो. मागे तो अशा ठिकाणी बांधा की भार असतानाही एका हाताने सोडता येईल. मी विंचवर दोन वेढे आणि मग क्लीट (दोर बांधायचा खुंट) असं करतो. नुसत्या क्लीटवर आवळलेला दोर भाराखाली निघत नाही, आणि नेमका हाच दोर संकटात सोडायचा असतो.

वारा बाजूकडून असेल तेव्हा टॅक पुलपिटच्या जरा वर ठेवा. वारा मागे सरकला की दोर दोन-तीन फूट सैल सोडा, शीड मोठ्या शिडाच्या (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या) आडोशातून बाहेर येऊन भरतं. काहीजण टॅकला गुंडाळलेल्या जेनोव्याभोवती लाकडी मण्यांचा पट्टा बांधतात, म्हणजे टॅक वर-खाली सरकतो पण बाजूला भटकत नाही. नवशिक्या जोडीला तो पट्टा मी सुचवेन. फक्त तो असताना जेनोवा उघडायचा नाही, हे दोघांच्याही डोक्यात पक्कं असू द्या.

शीट म्हणजे क्लू ओढून धरणारे दोर, दोन बाजूंना दोन. आठ मिलिमीटर, प्रत्येकी बोटीच्या दुप्पट लांब, तुमच्यासाठी सोळा-सतरा मीटर. क्लूला शॅकल (धातूची कडी) नको, बोलाइन गाठ मारा. फडफडणाऱ्या शिडाच्या टोकाला स्टीलचा शॅकल असेल तर तो कुणाच्या कपाळावर बसेल सांगता येत नाही. दोन्ही शीट सगळ्या वायरींच्या, रेलिंगच्या बाहेरून थेट बोटीच्या मागच्या कोपऱ्यांतल्या ब्लॉकपर्यंत न्या, तिथून विंचवर. रिकामी शीट फोरस्टेच्या पुढून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला जाते. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो, जरी जेनोव्याच्या शीटला आपण अडवणारी गाठ मारतो तरी: स्पिनेकरच्या शीटच्या शेवटी गाठ मारू नका. बोट आडवी व्हायला लागली तर शीट ब्लॉकमधून पूर्ण निघून गेली पाहिजे. शीड झेंड्यासारखं फडफडेल, पण बोट सरळ होईल.

चढवताना क्रम असा ठेवा. बोट वाऱ्यापुढे न्या, म्हणजे वारा पाठीमागे आणि जरासा एका बाजूने. मोठं शीड पूर्ण बाहेर, बूमला (त्याच्या खालच्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे तो अचानक फिरू नये म्हणूनचा दोर, बांधलेला. जेनोवा गुंडाळून त्याच्या शीटचे आणखी दोन-तीन वेढे मारून घट्ट. स्पिनेकरची पिशवी वाऱ्याखालच्या बाजूला (वारा जिकडे जातो तिकडे), मोठ्या शिडाच्या आडोशात. तिथूनच टॅक, शीट, हॅलियार्ड लावा आणि सॉकमध्ये बंद असलेलं शीड वर चढवा. सॉसेजसारखं लोंबत असताना घाई करू नका. खालून वर बघत पीळ आहे का ते तपासा, दोर कुठल्या बाजूने गेलेत ते पुन्हा पाहा, हॅलियार्ड पक्का बांधा. मग शीट सैल ठेवून सॉक वर ओढा. शीड भरलं की शीट हळूहळू घ्या. ओढायची किती? लफची कड आत वळून हलकीशी कुरळी होईपर्यंत सोडा, मग ती जेमतेम सरळ होईल इतकी घ्या. बहुतेक जण फार ओढतात.

आता उतरवणं. टिलर धरणारा बोट आणखी वाऱ्यापुढे वळवतो, इतकी की स्पिनेकर मोठ्या शिडाच्या सावलीत येऊन ढिलं पडतं. मग शीट सोडतो. फूटभर नाही, तीन-चार मीटर. पुढचा माणूस, अंगात लाइफ जॅकेट आणि हार्नेस अडकवून, डेकवर बसून पाय कशाला तरी टेकवून सॉकचा दोर खाली ओढतो. बसूनच ओढायचं, उभं राहून नाही. सॉक जड जातोय असं वाटलं तर ताकद लावू नका. शीडात अजून वारा आहे, एवढाच त्याचा अर्थ. शीट आणखी सोडा. तरीही येत नसेल तर टॅकचा दोर सोडून द्या. शीड दोन कोपऱ्यांवरच राहतं, वाऱ्याबरोबर मागे लोंबतं, आणि सॉक जवळजवळ आपोआप सरकतो. म्हणूनच तो दोर भाराखाली सुटणारा हवा म्हटलं.

हे मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस सांगतो. एप्रिलची दुपार, खांदेरी बेटाहून परत येताना अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्याला आडवे जात होतो. बोटीवर मी आणि माझा मेहुणा. वारा बारा नॉटवरून सोळा-सतरा नॉट झाला, पण वाऱ्यापुढे धावताना तो अंगाला जाणवत नव्हता, आणि आम्ही अर्धा तास जास्त थांबलो. सॉक अडला. टॅक क्लीटवर आवळलेला, तो सुटेना. मी हॅलियार्ड सोडला तर त्याचं टोक घाईत जेनोव्याच्या शीटखाली कोंबलेलं होतं, त्याची एक गाठ झाली आणि क्लचमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात) अडकली. शीड अर्ध्यावर थांबलं, पोट पाण्यात पडलं, आणि पाच नॉटवर चाललेल्या बोटीने त्यात पाणी भरून घेतलं, डोल जाळ्यात मासळी भरावी तसं. बोट वळून थांबली. मेहुण्याचा हात इंजिनच्या किल्लीवर गेला. मी ओरडलो. शीट बोटीच्या खालून मागे गेली होती. इंजिन सुरू झालं असतं तर ती पंख्याला गुंडाळली असती, आणि वाऱ्याखाली थळचे खडक होते. शेवटी मेहुण्याने गाठ सोडवून हॅलियार्ड मोकळा केला, आणि मी शीडाची एकच कड धरून, बाकी सगळं मोकळं सोडून, हाताहाताने ओढत आत घेतलं. मधून धरलं तर पाण्याचं वजन हलत नाही, कडेने ओढलं तर पाणी सांडत जातं. चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून हॅलियार्डचं टोक मी एका प्लॅस्टिकच्या बादलीत सोडतो, वेढे न घालता, जसं पडेल तसं. ते बादलीतून एकदाही गुंतून आलेलं नाही. आणि सगळे दोर डोळ्यांनी मोजून डेकवर दिसल्याशिवाय इंजिनच्या किल्लीला कुणी हात लावत नाही.

किती वाऱ्यापर्यंत ठेवायचं, हे यातूनच येतं. समजा वारा चौदा नॉट आहे आणि तुम्ही सहा नॉटने त्याच्याच दिशेने पळताय. तोंडाला लागतो तो आठ नॉट, झुळूकच. पण काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळवावी लागली तर तोच वारा अठराच्या आसपास लागतो. दाब वाऱ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आठाचे अठरा झाले की पाचपट. ढोबळ हिशेबाने पन्नास चौरस मीटरच्या शिडावर दहा नॉट लागत असतील तर शंभरेक किलोचा जोर असतो, वीस नॉटला चारशेच्या घरात. दोन माणसं चारशे किलो ओढू शकत नाहीत. माझ्या हिशेबाने पहिल्या हंगामात खऱ्या वाऱ्याचे दहा-बारा नॉट ही तुमची मर्यादा. वारामापक नसेल तर पाण्याकडे बघा. लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे फेस दिसू लागला की उतरवायची तयारी, आणि सगळीकडे दिसण्याआधी शीड पिशवीत.

मुंबईत हे घड्याळ बरंच ठरलेलं आहे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, दहा-अकराला मरतो, मग थोडा वेळ पाणी तेलासारखं होतं, आणि दुपारी पश्चिम-वायव्येचा खारा वारा भरतो. मार्च-एप्रिलपासून तो जोरात येतो आणि तीन-चारपर्यंत वाढतच जातो. म्हणून शिकायची वेळ म्हणजे खारा वारा सुरू झाल्यानंतरचा पहिला तास.

गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साडेसात सागरी मैल आहे, साधारण दक्षिण-आग्नेयेला. अस्सल वायव्येचा वारा असेल तर तो जवळजवळ मागून येतो आणि असिमेट्रिक मोठ्या शिडामागे लपून कोसळत राहतं. अशा वेळी सरळ न जाता पंधरा-वीस अंश दक्षिणेला चढून जा, शीड भरलेलं राहील, वेगही जास्त मिळेल, आणि मग जाइब करून मांडव्याकडे वळा. तुम्ही दोघं आहात, तर जाइब करताना सॉक खाली ओढा, मोठं शीड फिरवा, शीट दुसऱ्या बाजूची लावा, सॉक पुन्हा वर. उघड्या शिडाने जाइब करण्याची मजा पुढच्या वर्षी.

वाटेत मोठ्या जहाजांचं चॅनेल आडवं येतं. वीस मीटरच्या आतल्या बोटीने आणि शिडाच्या बोटीने चॅनेलमधल्या जहाजाला अडथळा आणायचा नाही हा नियम आहे. स्पिनेकर वर असताना तुम्हाला पटकन वळता येत नाही, आणि ते शीड पुढचं अर्धं दृश्य झाकतं. म्हणून चॅनेल जेनोव्यावर ओलांडा, स्पिनेकर पलीकडे गेल्यावर काढा. उधाणाच्या दिवशी ओहोटी जोरात बाहेर ओढते, वाऱ्याशी तिची गाठ पडली की लाट आखूड आणि उभी होते, शीड भरतं-कोसळतं. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस सरावाला बरे. मांडव्याच्या जवळ मासेमारीच्या खुंटांवर आणि बोयांवर नजर ठेवा. तिथे पोचायच्या मैलभर आधी शीड खाली.

हंगाम संपला की मे महिन्यात शीड गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढा, सावलीत वाळवा, कडक उन्हात नको. पावसाळ्यात ते बोटीच्या लॉकरमध्ये ठेवलं तर जुलैत काळे ठिपके धरेल. घरी आणून कोरड्या कपाटात सैल भरून ठेवा.

आता तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. बोट धक्क्याला असताना दुर्बिणीतून डोलकाठीच्या टोकाचा पुढून आणि बाजूने फोटो काढा. फोरस्टेच्या वर ब्लॉक बसवायला छिद्र किंवा कडी आहे की नाही, ते त्यात दिसेल. असेल तर काम एका सकाळचं आहे. नसेल तर बोसन्स चेअरवर (डोलकाठीवर चढवायच्या दोराच्या बैठकीवर) कुणाला तरी वर चढवावं लागेल, आणि मग वर गेलेल्या माणसाकडून फोरस्टेच्या पिनाही तपासून घेऊ.